वाट आपली, करार कुणाचा?

मैत्रिणींनो, शंभराहून जास्त पानांच्या त्या करारात ‘महिला’ हा शब्द मला एकदाच सापडला. ‘महिला, वृद्ध व अपंग यांच्या सोयीचा योग्य तो विचार करावा.’ बस्स, एवढंच. योग्य तो म्हणजे कोणता, तो कुणी ठरवायचा, आणि नाही केला तर काय, याबद्दल अवाक्षर नाही. नकाशाचा कागद किती आकाराचा हवा, हे मात्र त्याच करारात बारकाईने लिहिलेलं होतं.

एका शहरातल्या नाल्याकाठी चालण्यासाठी आणि सायकलींसाठी मार्ग व्हायचा होता. त्याच्या आराखड्याचं काम एका सल्लागार कंपनीला मिळालं. निविदेत ‘समाजतज्ज्ञ’ दाखवला की गुण मिळतात, म्हणून माझी पदवी आणि अनुभव त्यांनी अर्जाला जोडला. काम मिळालं, आणि माझ्या वाट्याला आले तीन दिवस. एवढ्यात मी नाल्याकाठच्या वस्त्या, भाजीवाल्या, शाळेच्या मुली, सगळ्यांशी बोलायचं! मोजणीची वेळ आधीच ठरलेली होती, सकाळी सात ते दहा. पण धुणंभांडी करणाऱ्या बायका साडेपाचलाच त्या वाटेने जातात. भाजीवाल्या पाट्या घेऊन रात्री नऊनंतर परततात. त्या मोजल्याच गेल्या नाहीत. मोजले गेले ते बूट घालून फिरायला आलेले लोक.

मी वेगळी टिपणं काढली. कुठे अंधार आहे, कुठे मुलींची छेड काढतात, मुतारी नाही म्हणून बायका कामाला निघाल्यापासून पाणीच कशा पीत नाहीत, सगळं लिहून दिलं. अभियंतासाहेब भले गृहस्थ होते. त्यांनी कागद वाचला आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, चांगलं लिहिलंय. पण हे स्कोपमध्ये नाही.”

या एका वाक्यापुढे मी गप्प झाले, आणि पुढे जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. वस्तीतल्या बैठकीला आलेल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे मी कागदावर घेतले होते. तो कागद ‘स्थानिक महिलांशी विचारविनिमय केला’ याचा पुरावा म्हणून अहवालाला जोडला गेला आणि त्यावर सल्लागाराचा हप्ता निघाला. बायका काय बोलल्या ते अहवालात कुठेच आलं नाही. त्यांच्या अंगठ्यांचे पैसे मात्र झाले. त्यातली एक मावशी नंतर भेटली तेव्हा म्हणाली, “ताई, आम्ही रोज चालतो तर आमचा हिशेब नाही, आणि रविवारी चालणाऱ्यांसाठी रस्ता होतोय व्हय?” मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

आपण बायका आंदोलनात उतरतो ती बुलडोझर आल्यावर. पण बुलडोझर कुठल्या रस्त्याने येणार हे त्याच्या कितीतरी आधी, एका बंद खोलीत, सल्लागाराच्या करारात ठरलेलं असतं. काम कोणतं, किती दिवसांत, कुणाला विचारून, आणि पैसे कशाबद्दल, या चार गोष्टी तिथे लिहिल्या जातात. हप्ते सहसा कागदांना बांधलेले असतात. प्रारंभिक अहवाल दिला, घ्या हप्ता. सर्वेक्षण, कच्चा आराखडा, पक्का आराखडा, प्रत्येकाला हप्ता. ज्या गोष्टीला हप्ता नाही ती गोष्ट होत नाही. यात सल्लागार दुष्ट असायची गरजच नाही. पैसे जिकडे, तिकडे त्याचे पाय.

आणि मोजणीत आपण नसणं हा काही त्या एका शहरातला अपघात नव्हे. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे आणि किती लांब जातात हे विचारलं गेलं. पण ते शेतीबाहेरच्या आणि घरगुती उद्योगाबाहेरच्या कामगारांनाच. पाणी आणायला, रेशनच्या रांगेला, मुलांना शाळेत सोडायला, सासूला दवाखान्यात न्यायला जी पायपीट होते ती त्यात नाही. ते ‘काम’च नाही ना! मग असल्या आकड्यांवर उभा राहिलेला आराखडा बाईच्या वाटेने कसा जाईल?

मुंबईचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा मीटरपर्यंतची बांधकामं काढा, असे उच्च न्यायालयाचे आदेश होते. कारण जलवाहिनीच्या सुरक्षिततेचं होतं. हजारो कुटुंबांची घरं गेली आणि त्यातल्या अनेकांना तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, माहुलला पाठवलं. तिथल्या हवेने आरोग्याला धोका आहे हे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्येच नोंदवलं होतं. मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर मुलुंडपासून शीवच्या दिशेने ३९ किलोमीटरचा चालण्याचा आणि सायकलींचा मार्ग करायचं महापालिकेने ठरवलं. इकडे माहुलच्या बायकांची घरकामं सुटली, मुलांच्या शाळा सुटल्या, घरोघरी आजारपणं आली. ऑक्टोबर २०१८ मध्ये लोक विद्याविहारला त्याच जलवाहिनीलगत फुटपाथवर येऊन बसले, आणि त्या लढ्यात बायका पुढे होत्या. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, माहुलला राहायची सक्ती करता येणार नाही, दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा १५ हजार रुपये भाडं द्या.

कुणी म्हणेल, घरं काढली ती पाण्यासाठी, मार्ग नंतर आला, दोन्हीची फाईल वेगळी. माझा आक्षेप नेमका तिथेच आहे! सायकल मार्गाचा आराखडा ‘मोकळ्या जागे’पासून सुरू होतो. ती मोकळी कशी झाली आणि तिथून गेलेली बाई आता कामावर कशी जाते, हे सल्लागाराने विचारावं असं कोणत्या करारात लिहिलेलं असतं?

आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, हे सायकलचे मार्ग म्हणजे श्रीमंतांचे चोचले, सरळ विरोध करा. मला हे पटत नाही. गाडी नसते ती बाईकडे, बसचं तिकीट वाचवून चालते ती बाई. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. त्यांना सायकल म्हणजे चोचला वाटला नाही, स्वातंत्र्य वाटलं. उजेडाची, सपाट, सुरक्षित वाट ही आपलीच मागणी आहे. ती दुसऱ्याच्या नावावर का जाऊ द्यायची?

दुसऱ्या म्हणतात, करार-निविदा हा आपला प्रांत नाही, आपण मोर्चा काढावा. अगं, मोर्चा काढूच. पण हुंड्याचा कायदा, बलात्काराचा कायदा आपण कलम न् कलम वाचायला शिकलोच ना? मग हे कलमही वाचू.

म्हणून माझा आग्रह आहे की आपल्या शहरात असा मार्ग जाहीर झाला, की नकाशाची वाट न पाहता निविदेच्या आधी सल्लागाराची कार्यकक्षा मागा. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं कलम ४ सांगतं, की लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय घेताना त्यासंबंधीची माहिती सरकारने आपणहून प्रसिद्ध करावी. ‘व्यापारी गुपित’ म्हणून टाळलं तर व्यापक जनहिताचा मुद्दा घेऊन अपील करा. करारात लिहून घ्या की मोजणी पहाटेपासून रात्रीपर्यंत होईल. बायकांच्या बैठका त्यांच्या वेळेला, त्यांच्या वस्तीत होतील. त्यांचं म्हणणं आणि त्यावर काय केलं याचा मराठी अहवाल वस्तीत वाचून दाखवला जाईल, आणि त्याशिवाय पुढचा हप्ता निघणार नाही. विक्रेत्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत त्यांना उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेते आणि त्यात एक तृतीयांश बायका हव्यात. आराखडा त्या समितीपुढे गेल्याशिवाय मंजूर होणार नाही, हेही करारात हवं.

आणि माझ्यासारख्या शिकलेल्या, पगारी समाजकार्यकर्त्यांना एक सांगणं. आपलं नाव गुणांसाठी वापरू देण्याआधी विचारा, किती दिवस, कोणतं काम, आणि मी लिहिलेलं छापलं जाणार का? उत्तर मिळेपर्यंत वस्तीतल्या एकाही बाईचा अंगठा कागदावर घेऊ नका. मी घेतला होता. त्या मावशीने मला माफ केलं असेलही, पण नाल्याकाठी रात्री नऊला पाटी घेऊन परतताना तिच्या वाटेवर अजून दिवा नाही.