बागेसाठीं यंत्र निवडतांना

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल या भीतीनें पुष्कळ शेतकरी तो घेण्यास धजत ना. आज रोग नेमका उलटा आहे. शेजाऱ्याच्या दारांत ट्रॅक्टर आला कीं आपल्याही दारांत तो हवा. मग सातबाऱ्यावर बोजा चढला तरी चालेल! तें भय जसें अविचाराचें, तशीच ही हौसही.

पुरंदरची अंजिराची बाग असो वा जुन्नरची द्राक्षाची, प्रथम दोन ओळींतील अंतर मोजावें. द्राक्षाच्या ओळी बहुधा ८ ते १० फुटांवर असतात. वेलींचा विस्तार वजा जातां उरलेल्या वाटेंत १५ ते २५ अश्वशक्तीचा अरुंद ट्रॅक्टरच फवारणीस योग्य. मोठा ट्रॅक्टर फांद्या मोडतो, आणि ओल्या काळ्या रानांत माती दाबून मुळांचा श्वास कोंडतो.

ट्रेलर घेतांना तो किती माल वाहतो एवढेंच पाहूं नये. भरलेला ट्रेलर दिवे घाटासारख्या उतारावर आवरण्याइतका ट्रॅक्टर वजनदार व त्याचे ब्रेक खात्रीचे आहेत ना, हें आधीं पाहावें.

वर्षांतून चार दिवस लागणारें खड्डे पाडण्याचें यंत्र भाड्यानें आणावें, अगर चार बागाईतदारांनीं मिळून घ्यावें. यंत्र उभें राहिलें म्हणून हप्ता थांबत नाहीं. गोठ्यांतला बैल बसून खाई, पण शेण तरी देई. उभा ट्रॅक्टर कांहींच देत नाहीं.