“कुणाला त्रास नको” हे पुरे झाले



गेल्या हिवाळ्यात एका रविवारी रात्री मी न्हाणीघरात जायला घाईने उठलो, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडलो. कसाबसा उठून बसलो, पण मुलाला फोन केला नाही. म्हटले, त्याला सकाळी कामावर जायचे आहे, कशाला त्रास!

सोमवारी सिनेगॉगमध्ये गेलो नाही. प्रार्थनेनंतर शेजारी विचारायला आले. “आज आम्ही नऊच जण होतो. मिन्यान झाले नाही, तोरा न वाचताच परतलो,” ते म्हणाले. मी सर्दीचे निमित्त सांगितले. मंगळवारी मुलगा आला, माझे लंगडणे त्याने पाहिले आणि म्हणाला, “पपा, तुमच्या पडण्यापेक्षा तुमच्या लपवण्याचा त्रास मला जास्त झाला.”

कुपत होलीमच्या डॉक्टरांनी मला झोपवून आणि मग उभे करून रक्तदाब मोजला. उभा राहिलो की तो एकदम खाली येत होता. त्यांनी एका गोळीचे प्रमाण कमी केले. हाड मोडले नव्हते, ही देवाची कृपा.

माझे मत स्पष्ट आहे. “कुणाला त्रास नको” याला आपण चांगुलपणा समजतो, पण पुष्कळदा तो अभिमान असतो. मदत मागणे मी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शिकलो. शिकायला वय आड येत नाही.

आता रोज सकाळी आठ वाजता मी दोघांना फोन करतो आणि दोघे मला करतात. शब्बाथला फोन नाही, म्हणून आदल्या दिवशी कोण कुणाच्या दारी डोकावणार ते ठरवतो. आमच्या गटातल्या एका बाई एकट्या राहतात. त्या म्हणतात, “मलिद्याचा नारळ खवायला बोलावतात, त्या दिवशी गुडघे कमी दुखतात.” आपण कुणाला तरी हवे आहोत, हे कळले की सकाळी उठावेसे वाटते.

काही साध्या गोष्टी पाळा. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसा. वाटेत मंद दिवा ठेवा, सरकणारी पायपुसणी काढून टाका. गोळ्यांची यादी खिशात असू द्या, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही गोळी बंद करू नका. पडल्यावर डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर बरे वाटत असले तरी लगेच 101 ला फोन करा, शब्बाथ असला तरी. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडण्याची आपल्या धर्मात आज्ञाच आहे.

तुम्ही दहावे असाल. तुमच्यावाचून नऊ जण ताटकळतात, हे विसरू नका.