नमुना देखणा नको, खरा हवा!

दोन धुण्यांतच मुलाचा टी-शर्ट आखूड झाला, बाजूची शिवण फिरून पोटावर आली, की आपण दुकानदाराला बोल लावतो. वास्तविक हा दोष दुकानातला नसतो. कारखान्यात शिवलेल्या पहिल्या कपड्यात, म्हणजे नमुन्यात, तो पकडायचा राहून गेलेला असतो.

जयपूर हे तयार कपड्यांच्या निर्यातीचे मोठे केंद्र. शहराच्या दक्षिणेला ठशांच्या छपाईसाठी प्रसिद्ध असलेले सांगानेर आणि जवळच सीतापुरा औद्योगिक वसाहत. इथली ख्याती मागावरच्या सुती कापडाची. होजिअरीची मोठी केंद्रे तिरुपूर आणि लुधियाना. मात्र सांगानेरी बुट्टी टी-शर्टच्या कापडावर उतरवायची म्हटली, की नमुना करणाऱ्या मास्तरांची कसोटी लागते.

मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांना धरून असतात. होजिअरीत धाग्याचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात. म्हणून ते ताणते, अंगाला छान बसते आणि तितक्याच सहज आटते. छपाईच्या टेबलावर टाचण्या लावताना कापड जरा जास्त ताणले गेले, तर टाचण्या काढताच गोल बुट्टी चपटी होते!

म्हणून शिलाईच्या आधी कापडाची तपासणी. 100 चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापून त्याचे वजन करतात. ते दीड ग्रॅम भरले, तर चौरस मीटरचे वजन 150 ग्रॅम. मग गुंडाळी उलगडून कापड दिवसभर मोकळे ठेवतात, म्हणजे त्यातला ताण निघून जातो. त्यावर खुणा करून ते धुतात, वाळवतात आणि पुन्हा मोजतात. उंचीत 5 टक्के आटणारे कापड 70 सेंटिमीटरचा टी-शर्ट साडेतीन सेंटिमीटरने आखूड करते. ही वाढ कागदी पॅटर्नमध्येच धरावी लागते.

नमुनाही एकदाच करून भागत नाही. पहिला डिझाइन पाहण्यासाठी, दुसरा अंगावर कसा बसतो ते पाहण्यासाठी, नंतर लहान-मोठ्या सर्व मापांचा संच. शेवटचा नमुना अस्सल कापड, रंग, दोरा आणि बटणे वापरून शिवतात. ग्राहकाने त्यावर मंजुरीची मोहोर उठवली, की पुढचा सारा माल त्याच्याशी ताडून पाहिला जातो.

खरी मेख इथेच आहे. नमुना शिवतो तो कारखान्यातला सर्वांत कसबी कारागीर, तोही सावकाश. उत्पादनाच्या रांगेत मात्र एकेका कारागिराला आपल्या शिवणीसाठी जेमतेम मिनिटभर मिळते. त्याच्या हातून जे पुन्हा पुन्हा निघणार नाही, असे नमुन्यात दाखवणे म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. माल नाकारला गेला तर छोटा कारखानदार बुडतो आणि नगावर मजुरी घेणाऱ्याचे कष्ट उसवण्यात जातात. उशीर झाला, तर जहाजाऐवजी विमानाने माल धाडण्याचा खर्च बहुधा कारखानदारावरच पडतो.

घरी झबली-टोपडी शिवून विकणाऱ्या भगिनींनीही हे ध्यानात ठेवावे. ऑर्डरचे कापड ज्या ताग्यातले, त्यातूनच नमुना करा. तो धुवा, घाला, पुन्हा धुवा. छाती, उंची, बाही यांची धुण्याआधीची आणि नंतरची मापे वहीत लिहा. दर ठरवा तो त्यानंतरच. आणि माल पोहोचेपर्यंत तो नमुना कुणालाही देऊ नका. वाद झालाच, तर तोच तुमचा साक्षीदार!