पूर्ण भविष्यकाळ आणि ‘पर्यंत’चा घोळ

इंग्रजीतील पूर्ण भविष्यकाळ आपल्या मुलांना तक्त्यातून शिकविला जातो : कर्ता, मग ‘विल हॅव’, मग क्रियापदाचे तिसरे रूप. तक्ता अचूक आहे, सोपाही आहे. कर्ता कोणीही असो, ‘हॅव’चे ‘हॅज’ होत नाही. तरीही दहावीचा विद्यार्थी असे वाक्य स्वतःहून क्वचितच बोलतो. आमच्या मते, त्याची मराठी कोणी नीट ऐकून घेतलेली नसते.

घरी ‘बाबा जेवले असतील’ असे म्हणतात तेव्हा तो निव्वळ अंदाज असतो. त्यात भविष्य नसतेच. व्याकरणाच्या पुस्तकात मात्र हेच रूप पूर्ण भविष्यकाळ म्हणून भेटते. साहजिकच मूल इंग्रजी वाक्यही अंदाज म्हणूनच वाचते. (इंग्रजीतही ते कधीकधी अंदाजासाठी येते, पण तो पुढचा धडा.) मुख्य उपयोग निराळा आहे : पुढच्या एका ठरलेल्या क्षणी उभे राहून, त्याआधी पुरे झालेल्या कामाकडे पाहणे. तो क्षण सांगितला नाही तर वाक्य लटकते. ‘ही विल हॅव इटन अ मँगो’ एवढेच छापणाऱ्या सरावपुस्तिका म्हणूनच आम्हांस निरुपयोगी वाटतात. कधीपर्यंत खाल्लेला असेल?

आणि खरी अडचण या ‘पर्यंत’चीच आहे. ‘आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास चालेल’ आणि ‘आश्विन पौर्णिमेपर्यंत ग्रंथवाचन संपलेले असेल’, या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच शब्द पुरतो. इंग्रजी पहिल्या ठिकाणी ‘टिल’ घेते, दुसऱ्या ठिकाणी ‘बाय’. ‘घंटा वाजेपर्यंत’ म्हणताना तर ‘बाय द टाइम द बेल रिंग्स’ असा साधा वर्तमानकाळ लागतो. तेथे ‘विल’ घातले की चुकलेच. हा फरक फळ्यावर मराठी वाक्ये मांडूनच कळतो. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलू नये, हा हट्ट येथे तरी सोडावा.

उदाहरणेही आपली घ्यावीत. १४ ऑक्टोबर २०५६ पर्यंत नागपूरच्या धम्मदीक्षेला शंभर वर्षे पूर्ण झालेली असतील : ‘अ हंड्रेड इयर्स विल हॅव पास्ड’. त्या दिवशी आपले वय किती असेल, हे मुलांनी मोजावे आणि तोवर आपण काय काय पुरे केलेले असेल, याची पाच वाक्ये लिहावीत.

पालकांनाही यात काम आहे. सुट्टीत मूल ‘मी हे करीन, ते करीन’ म्हणू लागले की ‘कधीपर्यंत झालेले असेल?’ एवढेच विचारावे. त्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही.