वारसा कुणाचा?

अष्टमीतल्या जुन्या सामायिक घरांविषयी आम्ही फार हळवे आहोत. रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडून मोहल्ल्यात शिरलो की जांभ्याची जोती, मंगळुरी कौले, लांब ओटा आणि एका छपराखाली तीनचार चुली. सख्खा कोण, चुलत कोण, पाहुण्याला कळू नये. मुंबईला, आखातात गेलेले आम्ही सुट्टीत येतो, फोटो काढतो आणि म्हणतो, हा आपला वारसा, तो जपला पाहिजे.

जपलाच पाहिजे. अहमदाबादच्या पोळींत हिंदू, जैन, मुसलमान साऱ्यांची घरे आहेत. 2017 साली युनेस्कोने त्या जुन्या शहराला जागतिक वारसा ठरवले. उलट मुंबईच्या भेंडी बाजारात 2009 साली स्थापन झालेल्या सैफी बुऱ्हानी ट्रस्टने सुमारे अडीचशे जुन्या इमारतींच्या जागी मनोरे बांधायला घेतले. राहणाऱ्याला पक्के छप्पर हवे, यात चूक काही नाही.

पण अष्टमीत घर पाडायला बिल्डरच लागतो असे नाही. भाऊबंद पुरेसे आहेत! एकाला विकायचे, दुसऱ्याला ठेवायचे, तिसऱ्याची सही परदेशातून यायची. तोवर वासे वाळवी खाते. आणि या भांडणात बहिणीला कुणी विचारलेलेच नसते.

सूरह निसामध्ये मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, असा स्पष्ट हुकूम आहे. 1937 च्या शरीयत कायद्याने शेतजमीन वगळली, म्हणून शेतीच्या बाबतीत आम्हांला सबब सापडते. घराला तीही सबब नाही. तरी बापाच्या पश्चात मिळकत पत्रिकेवर भावांचीच नावे चढतात. बहिणीने तोंड उघडले तर, "घराचे तुकडे करतेस का? ईदला ये, जेव, ओटा तुझाच आहे." मग एक साडी आणि हक्कसोडीच्या कागदावर सही. नमाज-रोज्यात शरीयत, वाटणीत मात्र रिवाज. ही सोय आम्ही कुठून शिकलो?

एकत्र घर टिकवायचे तर तिचे नाव आधी लावा. वाटा दिला म्हणून मध्ये भिंत घालावीच लागत नाही. किंमत ठरवून पैसे देता येतात, माजघरालगतची एक खोली तिची म्हणता येते. जमातीच्या बैठकीत हे बोलायला आम्ही का कचरतो? नगरपरिषदेकडे वारसा यादीची मागणी त्यानंतर करू.

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने रायगडात घरोघरची कौले उडवली. आखातातले भाऊ फोनवर हळहळत होते. ताडपत्री घेऊन धावली ती शेजारच्या आळीत दिलेली बहीण.