लेकीच्या पाळीचीही नोंद ठेवा



मृगाच्या तोंडावर पनवेल तालुक्यातील एका गावी भाताच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया दाखवायला गेलो होतो. काम आटोपल्यावर घरधन्याने गोठ्यातली वही दाखवली. म्हैस माजावर कधी आली, रेतन कधी झाले, सारे तारखेनिशी लिहिलेले. मी शाबासकी दिली. निघताना घरची माउली दाराआडून हळूच म्हणाली, "साहेब, कोणी चांगला डॉक्टर ठाऊक आहे का? पोरीला एकोणीस सरली. पाळी चार-चार महिने येत नाही. हनुवटीवर केस आलेत. सासूबाई म्हणतात, लग्न झालं की होईल सुरळीत."

म्हशीची वही होती, लेकीची नव्हती. त्या एका घराला बोल लावत नाही. बहुतेक घरी हेच चालते.

मी शेतीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण जाणकारांना विचारून जे समजले ते सांगतो. या विकाराला पीसीओएस म्हणतात. १९३५ साली शिकागोच्या स्टाईन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी तो प्रथम नीट मांडला. यात शरीरातले इन्सुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून ते जास्त तयार होते. त्यामुळे बीजकोषात पुरुषी संप्रेरके वाढतात आणि बीज पक्व होत नाही. सोनोग्राफीत मण्यांसारखे दिसते ते हे अर्धवट वाढलेले बीज. त्या काही वाईट गाठी नव्हेत.

हा केवळ शहरी, लठ्ठ बायकांचा आजार, असे समजू नका. सडपातळ मुलींनाही तो होतो. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वर्षांच्या मुलींची पाहणी केली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत एका निकषाने शंभरात सुमारे २२, तर दुसऱ्या कडक निकषाने सुमारे ११ मुलींत हा विकार आढळला.

पाळी येत नाही, तर कटकट वाचली, असे म्हणू नये. अनेक महिने पाळी न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. मधुमेह आणि रक्तदाब लवकर गाठतात. गरोदरपणी साखर वाढते. मूल राहण्यास उशीर लागू शकतो; मात्र त्यावर उपचार आहेत, तेव्हा सुनेला वांझ ठरवू नका. चेहऱ्यावरच्या केसांमुळे मुलगी चारचौघांत जायचे टाळते, मनाने खचते, हेही दुखणेच. लग्न हे यावरचे औषध नव्हे.

मग करायचे काय?

पाळीची तारीख दिनदर्शिकेवर लिहा. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होते. त्यानंतरही ३५ दिवसांहून अधिक अंतर पडत असेल, वर्षात आठांपेक्षा कमी वेळा येत असेल, किंवा मान काळवंडली असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. तीन महिने पाळीच आली नाही तर वाट पाहू नका. विवाहितेने आधी गर्भाची तपासणी करावी. रक्तातील साखर, रक्तदाब व थायरॉईड तपासून घ्यावे. शेजारणीच्या गोळ्या घेऊ नयेत.

विकार मुळासकट जात नाही, पण ताब्यात राहतो. भाताचा ढीग कमी करून ताटात वाल, डाळ, पालेभाजी, मासळी वाढवा. गोड चहा आणि बिस्किटे आवरा. रोज अर्धा तास भरभर चाला. वजन जास्त असेल तर थोडे उतरले तरी पाळी सुधारते. लावणी-कापणीचे कष्ट वर्षातून थोडेच दिवस. बाकीच्या दिवसांचीही काळजी हवी.

दिवाळीनंतर त्या घरी पुन्हा गेलो. मुलीची साखर सीमेवर निघाली होती. औषध सुरू होते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दोन महिन्यांत दोन लाल खुणा होत्या. घरधनी म्हणाला, "साहेब, ही नोंद आता पोरगी स्वतः ठेवते."

तुमच्या घरीही आजच सुरुवात करा.