दुकानात न पोचलेली गाणी

अमेरिकेतलं मेम्फिस म्हटलं की आपल्याला एल्विस आठवतो. त्याच गावात १९७१ साली चार पोरांनी ‘बिग स्टार’ बँड काढला. नाव उचललं ते आर्डेंट स्टुडिओजवळच्या किराणा दुकानाच्या पाटीवरून! गिटारचा खणखणाट, त्यावर गोड चाल. हाच तो पॉवर-पॉप. पहिल्या तबकडीचं नाव ‘नंबर वन रेकॉर्ड’ (१९७२). समीक्षकांनी वाखाणली, पण वितरण सोल संगीतात मुरलेल्या स्टॅक्स कंपनीकडे. तबकड्या दुकानांत धड पोचल्याच नाहीत. माल चोख आणि गिऱ्हाईकाला मिळेना. आपल्याकडच्या पुस्तकवाल्यांना हे दुखणं ठाऊक आहे. क्रिस बेल खचून बाहेर पडला. १९७८ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, मोटार अपघातात गेला. बँड तर आधीच मोडला होता. पुढे ‘आर.ई.एम.’सारख्यांनी त्यांचं ऋण मानलं. ड्रमवादक जोडी स्टीफन्स नंतर त्याच आर्डेंटमध्ये नोकरीला लागला.